पावलाखालचे सव्वा सेंटिमीटर

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात शहरातील पदपथांविषयी बरेच काही छापून आले. नव्या पदपथांची रुंदी, त्यांवरचे रंगीत पेव्हर ब्लॉक, कडेची बाके आणि झाडे यांचे कौतुक करणारी बातमी वाचून आनंद झाला. त्यानंतर अशाच एका पदपथावर पडून मनगट मोडलेल्या आजीबाईंची बातमी आली, आणि तिच्यावर एका वाचकाचे पत्रही आले. लोकांनी इकडेतिकडे न पाहता खाली बघून चालावे, म्हणजे ठेच लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. पत्रलेखकांचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही. परंतु भौतिकोपचाराच्या महाविद्यालयात मी तीसहून अधिक वर्षे माणसाच्या चालण्याचे शास्त्र शिकविले आहे, आणि त्या आधारावर एवढे निश्चित सांगू शकते की चालताना पाऊल आणि घोटा ज्या रीतीने हलतात, त्या रीतीशी या सल्ल्याचा मेळ बसत नाही. दोष पाहण्याचा कमी आणि जमिनीचा जास्त आहे. आणि जमिनीचा दोष ज्या मापात मोजायला हवा, ते माप पदपथ बांधणाऱ्यांच्या विचारातच नसते, असे माझे मत आहे.

एका टाचेचा जमिनीला स्पर्श झाल्यापासून तीच टाच पुन्हा जमिनीला टेकेपर्यंतच्या काळाला आम्ही एक चालचक्र म्हणतो. साधारण गतीने चालणाऱ्या माणसाचे पाऊल या काळाच्या सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर असते आणि ४० टक्के वेळ हवेत असते. शरीर मात्र पूर्ण वेळ पुढे सरकतच असते. म्हणजे जमिनीवर थांबलेल्या पावलाला शरीराने तोवर कापलेले सगळे अंतर उरलेल्या ४० टक्के वेळात भरून काढावे लागते. शंभराला चाळीसने भागले की अडीच येतात. तेव्हा माणूस ताशी पाच किलोमीटर वेगाने चालत असेल, तर त्याचे हवेतले पाऊल सरासरी ताशी साडेबारा किलोमीटर वेगाने पुढे जात असते, आणि मधल्या टप्प्यात त्याहूनही जास्त वेगाने. सावकाश फिरायला निघालेल्या गृहस्थाचे पाऊल दर झोक्यात धावणाऱ्या माणसाचा वेग गाठते, ही गोष्ट वर्गात सांगितली की विद्यार्थी दर वर्षी नव्याने चकित होत असत.

आता या वेगाने जाणारे पाऊल जमिनीपासून किती उंचावरून जाते, ते पाहू. कोणालाही विचारले तर चार-पाच सेंटिमीटर असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात झोक्याच्या मध्यावर, पाऊल सर्वाधिक वेगात असतानाच, बोटांचे टोक जमिनीच्या अगदी जवळून निघून जाते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे डेव्हिड विंटर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत निरोगी तरुणांमध्ये हे अंतर सरासरी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास भरले. हा आकडा सरासरीचा असल्याने काही पावले याहूनही खालून जातात. आपल्या करंगळीची जाडीसुद्धा याहून फारशी कमी नसते. निसर्गाने एवढी काटकसर का केली, याचे उत्तर सोपे आहे. पाय दर पावलाला पाच सेंटिमीटर उंच उचलायचा, तर खुबा आणि गुडघा यांना तेवढे जास्त वाकवावे लागेल, आणि किलोमीटरभर चालताना ही जास्तीची उचल तेराशे-चौदाशे वेळा करावी लागेल. शरीर एवढी उधळपट्टी करीत नाही. सपाट जमिनीचा अंदाज आला की ते पाऊल गरजेपुरतेच उचलते.

हे सव्वा सेंटिमीटर राखण्याचे काम मुख्यतः गुडघ्याचे वाकणे आणि घोट्याची हालचाल यांच्यावर असते. नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू हवेतल्या पावलाचा चवडा वर धरून ठेवतो. घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर सतरा-अठरा सेंटिमीटर धरले, तर पाऊल चार अंशांनी खाली झुकताच टोक सव्वा सेंटिमीटर खाली येते. म्हणजे जवळ असलेली सगळी शिल्लक संपते. चार अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याने चाळीस सेकंदांत कापलेला कोन. दिवसभराचा थकवा, सैल चप्पल, पिशवीच्या ओझ्याने एका बाजूला कललेले शरीर, मधुमेहाने तळव्याची बोथटलेली संवेदना, यांपैकी कोणत्याही एका कारणाने एवढा फरक सहज पडतो. पक्षाघातानंतर किंवा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणारी नस दुखावल्यावर हा स्नायू लुळा पडतो. तेव्हा पाऊल लोंबते, आणि रुग्ण गुडघा उंच उचलून किंवा पाय बाहेरून फिरवून चालू लागतो. अशा रुग्णांना घोट्याची पट्टी देऊन आम्ही दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर चालायला शिकवितो आणि मग ते घरी जातात, म्हणजे रस्त्यावर जातात.

वृद्धांबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. म्हातारी माणसे पाय घासत चालतात म्हणून ठेचकाळतात, असे समजले जाते. निरोगी वृद्धांमध्ये बोटांखालचे सरासरी अंतर तरुणांपेक्षा फारसे कमी नसते. फरक पडतो तो सातत्यात. तरुणाचे पाऊल दर खेपेला जवळजवळ त्याच उंचीवरून जाते. वृद्धाचे कधी दीड सेंटिमीटरवरून जाते, तर कधी पाऊण सेंटिमीटरवरून. एक किलोमीटरमध्ये दोन्ही पायांचे मिळून तेराशेवर झोके होतात, आणि त्यांतला एक कमी पडला तरी पुरे होते. शिवाय ठेच लागल्यावर सावरण्यासाठी दुसरा पाय झटकन पुढे टाकावा लागतो, घोटा आणि पोटरी यांनी पुढे झुकलेले सारे वजन पेलावे लागते, आणि नेमकी ही ताकद वयानुसार कमी होत जाते. हात पुढे टेकला तर मनगट मोडते. कुशीवर पडले तर मांडीच्या हाडाची मान मोडते, आणि अनेक ज्येष्ठांच्या बाबतीत त्या दिवसापासून घराबाहेर पडणेच बंद होते.

आता खाली बघण्याविषयी. चालताना माणूस पायाखाली बघत नाही आणि बघूनही उपयोग नसतो, कारण पाऊल झोक्यात निघाल्यानंतर त्याचा मार्ग बदलायला फारच थोडा वेळ उरतो. नजर साधारणपणे दोन पावले पुढे असते आणि तेथून येणाऱ्या माहितीवर पावलाचा पुढचा आराखडा ठरतो. दीड मीटर अंतरावरची, त्याच रंगाच्या दोन ब्लॉकमधली एक सेंटिमीटरची कड सकाळच्या तिरप्या उन्हात कदाचित दिसेल. भर दुपारी किंवा संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात ती दिसत नाही. चाळिशीनंतर अनेकजण दुहेरी भिंगाचा चष्मा वापरतात. त्याचे खालचे भिंग हातातल्या पुस्तकासाठी असते, त्यातून पायापुढची जमीन पुसट दिसते. त्यामुळे खाली बघून चाला हा सल्ला ज्यांना सर्वाधिक दिला जातो, त्यांनाच तो पाळून सर्वांत कमी फायदा होतो. पत्रलेखकांनी मोबाइलचाही उल्लेख केला होता. मोबाइलमध्ये गुंतून चालणे घातक आहेच, त्याबद्दल वाद नाही. मात्र बातमीतल्या आजीबाईंच्या हातात भाजीची पिशवी होती.

ठेचेचा भाग मी आधी मांडला, कारण तो सर्वाधिक दुर्लक्षित आहे. परंतु पदपथ पावलाची परीक्षा घेतो तो केवळ हवेतल्या टप्प्यात नव्हे. पाऊल जमिनीला टेकल्यापासून उचलेपर्यंत घोटा काय करतो, हे थोडक्यात सांगितल्यावाचून पुढचे म्हणणे स्पष्ट होणार नाही. कॅलिफोर्नियातील अस्थिरोगतज्ज्ञ जॅक्लिन पेरी यांनी या टप्प्याची मांडणी फार सुंदर केली आहे. डोलखुर्चीच्या तळाशी जशी वाकडी लाकडे असतात, तसे पाऊल आळीपाळीने तीन जागी डोलते, असे त्यांनी दाखविले. प्रथम टाचेच्या गोलाईवर डोलते आणि चवडा हळूच खाली येतो. मग संपूर्ण तळवा जमिनीवर स्थिर असताना नडगी घोट्यावरून पुढे झुकते. शेवटी टाच उचलली जाते आणि शरीर चवड्यावरून पुढे जाते. या काळात घोटा आधी पाच-सात अंश खाली वळतो, मग साधारण दहा अंश वर वाकतो, आणि पाऊल सुटताना पुन्हा पंधरा ते वीस अंश खाली ढकलतो. जिना, चढ किंवा उकिडवे बसणे यांच्या मानाने या हालचाली लहानच आहेत, पण त्या वेळेवर आणि ठरल्या क्रमाने व्हाव्या लागतात.

टाच टेकते त्या क्षणी ती अजून किंचित पुढे सरकत असते, आणि शरीराचे वजन तिच्यामागे असते. सपाट जमिनीवर न घसरता चालण्यासाठी पादत्राण आणि पृष्ठभाग यांच्यातला घर्षणांक साधारण ०.२ असला तरी पुरतो. कोरड्या काँक्रीटवर तो याच्या कितीतरी पट असतो. सुशोभीकरणाच्या नावाखाली दुकानांसमोर बसविलेल्या चकचकीत फरश्यांवर पावसाचे पाणी, शेवाळ आणि थोडी माती साचली की तो या मर्यादेखाली जातो. याविषयी अधिक लिहीत नाही, कारण हा दोष निदान लोकांच्या लक्षात येतो.

सैल ब्लॉकचा दोष यापेक्षा गहन आहे. आपण ज्याला घोटा म्हणतो, तो बिजागरीसारखा सांधा मुख्यतः वर-खाली हलतो. तळव्याला आत-बाहेर कलविण्याचे काम त्याच्या लगेच खालचा, टॅलस (नडगीच्या खाली बसलेले घोट्याचे हाड) आणि टाचेचे हाड यांच्यामधला सांधा करतो. त्याचा आस तिरपा असल्याने पाऊल कलले की नडगी फिरते आणि नडगी फिरली की पाऊल कलते. ही जोडणी सुताराने तिरप्या कापाच्या बिजागरीने केल्यासारखी आहे. वजन येताच हा सांधा पाऊल किंचित आतल्या बाजूला बसवितो, कमान सैल होते आणि तळवा जमिनीच्या चढ-उताराशी जुळवून घेतो. थोड्याच वेळाने तो उलट दिशेला वळतो, पावलाच्या मधल्या भागातली हाडे एकमेकांत घट्ट बसतात, आणि मऊ झालेल्या पावलाची ताठ पहार होते. त्याच सुमारास बोटे वर वाकतात. तळव्याखालून टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा चिवट पट्टा, डॉक्टर ज्याला प्लँटर फॅशिया म्हणतात तो, विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळावा तसा अंगठ्याच्या सांध्याभोवती ताणला जातो आणि कमान उचलून धरतो. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये या यंत्रणेला रहाटाचेच नाव दिले. आपल्याकडच्या वाचकाने एकदा स्वतःचा अंगठा हाताने वर करून कमान कशी उंचावते ते पाहावे. शिकवायला याहून सोपे प्रात्यक्षिक मला सापडले नाही.

म्हणजे पाऊल आधी मऊ होते आणि नंतर ताठ होते, आणि हे सारे अर्ध्या-पाऊण सेकंदात होते. पाऊल ज्यावर टेकले आहे तो पृष्ठभाग तेवढा वेळ जागचा हलणार नाही, हे या सगळ्या व्यवस्थेत गृहीत धरलेले असते. पेव्हर ब्लॉक साधारण वीस-बावीस सेंटिमीटर लांबीचे असतात आणि प्रौढ माणसाचे पाऊल चोवीस-पंचवीस सेंटिमीटरचे असते. त्यामुळे टाच एका ब्लॉकवर आणि चवडा दुसऱ्यावर, अशीच स्थिती बहुधा असते. खालची वाळू धुपून गेलेला ब्लॉक टाचेच्या भाराने मागे कलतो आणि भार पुढे सरकताच पुढे कलतो. पावसाळ्यात असा ब्लॉक खालचे गढूळ पाणी पिचकारीसारखे कपड्यांवर उडवितो, याचा अनुभव प्रत्येकाला आहे. तेवढ्यावर भागले तर हरकत नाही. पण पाऊल पहारेसारखे ताठ होऊन ढकलत असताना पहारेचा टेकूच सरकला, तर शरीराचा तोल घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जातो. चालताना जमिनीचा पावलावरचा उलट दाब शरीराच्या वजनाहून एक दशांशाने, कधी एक पंचमांशाने जास्त भरतो, आणि तो दोन वेळा शिखर गाठतो. त्यांतले दुसरे शिखर नेमके या ढकलण्याच्या वेळी येते.

पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा आतल्या बाजूला वळून, आणि इजा होते ती घोट्याच्या बाहेरच्या बंधाला, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्याला. याचे कारण रचनेत आहे. घोट्याच्या बाहेरचे हाड आतल्या हाडापेक्षा खालपर्यंत उतरते, म्हणून पाऊल बाहेर कलायला अडथळा येतो. आतल्या बाजूचा बंध जाड व बळकट असतो, बाहेरचे बंध तुलनेने बारीक असतात. टॅलसचा वरचा भाग पुढे रुंद आणि मागे अरुंद असल्याने, चवडा खाली झुकलेला असताना हाडांच्या खोबणीत तो सैल बसतो. या टॅलसला स्वतःचा एकही स्नायू चिकटलेला नसतो. वरून नडगी आणि खालून टाच जिकडे ढकलतील तिकडे तो जातो, आणि त्याला धरून ठेवायला फक्त बंध आणि हाडांचा आकार असतो. आता अशी कल्पना करा की पदपथ संपला आहे असे न कळता माणूस दहा सेंटिमीटर खाली पाय टाकतो. जमीन अपेक्षेपेक्षा उशिरा येते, तोवर चवडा खाली झुकलेला असतो आणि घोटा त्याच्या सर्वांत कमकुवत स्थितीत जमिनीला टेकतो. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू अशा वेळी पाऊल सावरायला हवेत, पण त्यांना जागे व्हायला लागणाऱ्या वेळात बंध ताणला जाऊन गेलेला असतो. म्हणून पाय मुरगळलेला प्रत्येक रुग्ण एकच वाक्य सांगतो, की कळायच्या आत झाले. ते अक्षरशः खरे आहे.

जयपूर फूटचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हे कृत्रिम पाऊल घडविले, तेव्हा परदेशी बनावटीची पावले उपलब्ध होती. पण ती बूट घालून सपाट जमिनीवर चालणाऱ्यांसाठी होती. आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, शेताच्या बांधावरून जातो, हे लक्षात घेऊन त्यांनी रबराचे असे पाऊल तयार केले की जे सर्व दिशांना थोडे थोडे वाकेल आणि ओबडधोबड जमिनीशी जुळवून घेईल. पावलाला जमिनीप्रमाणे घडवायचे हा त्यांचा विचार होता. शहरातली जमीन मात्र आपणच घडवतो, त्यामुळे येथे उलटा विचार करणे शक्य आहे, आणि तो केला जात नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो. आपले पूर्वज पायवाटांनी मैलोन्मैल चालत होते, आजही वारकरी आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालत जातात, मग शहरातल्या माणसाला एक सेंटिमीटरचे एवढे काय कौतुक, असा तो आक्षेप आहे. वारीच्या वाटेवर सेवेसाठी लावलेल्या तंबूत मी काही वर्षे काम केले आहे. तेथे टाचदुखी, फोड, पोटऱ्यांना येणारे गोळे यांचे रुग्ण पुष्कळ असतात. ठेच लागून पडलेले त्या मानाने थोडे. पायवाट आपण उंच-सखल आहोत हे उघड सांगते. तशा जमिनीवर शरीर आपोआप पाऊल उंच उचलते, गती कमी करते, चाल थोडी रुंद करते. माणूस फसतो तो सपाट असल्याचे भासविणाऱ्या जमिनीवर. पदपथ दुरून आरशासारखा सरळ दिसतो, म्हणून शरीर पुन्हा सव्वा सेंटिमीटरवर येते, आणि तेथेच मलनिस्सारणाच्या चेंबरचे झाकण दीड सेंटिमीटर वर आलेले असते. शेताच्या बांधावरचा दगड आणि पदपथावरची कड यांत हा फरक आहे.

या साऱ्याचा नियमांशी संबंध काय, असे कोणी विचारील. रस्त्यांची मानके ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने पादचारी सुविधांविषयी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत, पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, असे म्हटले आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. या गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पण रुंदी मीटरमध्ये मोजली जाते, कडेची उंची सेंटिमीटरमध्ये मोजली जाते, आणि ज्या फरकाने माणूस पडतो तो मिलिमीटरमध्ये असतो. अमेरिकेतील अपंगांच्या सोयीविषयीच्या मानकांत हा फरक नेमका धरला आहे. तेथे दोन लगतच्या पृष्ठभागांतला उभा फरक पाव इंचापर्यंत, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास, चालू शकतो. पाव ते अर्ध्या इंचापर्यंतच्या कडेला उतार द्यावा लागतो. त्याहून जास्त फरक असेल तर रॅम्पच करावा लागतो. पावलाच्या सव्वा सेंटिमीटरशी या आकड्यांची तुलना केली की ते कशावरून आले असावेत याचा अंदाज येतो. पहिली मर्यादा बोटांखालच्या अंतराच्या निम्मी आहे, आणि दुसरी जवळजवळ तेवढीच. परकीय नियम जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणत नाही, पण माणसाचे पाऊल सगळीकडे सारखेच चालते.

प्रत्येक सोसायटीच्या फाटकापुढे पदपथाला दिलेल्या उताराविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. १२ फुटांत १ फूट हा उतार सुमारे पावणेपाच अंशांचा होतो. चढताना घोट्याला नेहमीच्या दहा अंशांवर जवळपास तेवढे जास्त वाकावे लागते, आणि बहुतेकांना ते जमते. गाडी सहज आत जावी म्हणून ६ फुटांत १ फूट उतार दिला की हा कोन साडेनऊ अंशांचा होतो. पोटऱ्या आखडलेल्या किंवा घोटा पूर्वी मोडून गेलेल्या माणसाला एवढे वाकता येत नाही. त्याची टाच वेळेआधी उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावर येतो. असे उतार दर पन्नास पावलांवर येतात. त्यातही पदपथ आडवा कललेला असेल, तर वरच्या बाजूचे पाऊल सतत आपल्या आतल्या कडेवर आणि खालच्या बाजूचे सतत बाहेरच्या कडेवर झुकलेले राहते, आणि घोट्याखालचा सांधा कधीच मध्यावर येत नाही. मग सकाळी फिरायला जाणारे अनेकजण पदपथ सोडून डांबरी रस्त्यावरून का चालतात, याचे आश्चर्य वाटायला नको. त्यांना बेशिस्त म्हणण्यापूर्वी त्यांच्या घोट्यांची बाजूही ऐकावी.

महापालिकेकडे माझे मागणे खर्चाचे नाही. पेव्हर ब्लॉक ही पद्धत मुळात वाईट नाही. खालचा थर नीट दाबलेला असेल, वाळूचा थर सारखा असेल, सांध्यांत वाळू भरलेली असेल आणि कडेला ब्लॉकना आत धरून ठेवणारी पक्की पट्टी असेल, तर असा पदपथ अनेक वर्षे सपाट राहतो. बिघडते ते केबल आणि पाइप टाकण्यासाठी खोदलेला चर पुन्हा भरताना. माती एकदम ओतली जाते, थराथराने दाबली जात नाही, आणि पहिल्याच पावसात ती बसते. म्हणून माझी विनंती अशी आहे की निविदेतच दोन ब्लॉकमधला, आणि ब्लॉक व चेंबरच्या झाकणामधला, जास्तीत जास्त फरक मिलिमीटरमध्ये लिहावा. काम संपल्यावर, आणि चर बुजविल्यानंतर एका पावसाळ्याने पुन्हा, अभियंत्याने तीन मीटरची सरळ पट्टी पदपथावर ठेवून फटी मोजाव्यात. पट्टीखालून सहा मिलिमीटरची फट दिसली, तर ठेकेदाराचे बिल थांबवावे. गवंड्याच्या हाताला हे काम नवे नाही. घराची फरशी बसविताना तो दर चार फरश्यांनंतर पट्टी आणि पाणसळ लावतो, कारण घरमालक समोर उभा असतो.

माझ्या घरासमोरच्या पदपथावर चेंबरचे एक झाकण आहे. त्याच्याभोवतीचे ब्लॉक खचल्याने ते वर आले आहे. गेल्या महिन्यात नातीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी तेथे गेले आणि मोजले, तेव्हा पुढच्या बाजूची कड सतरा मिलिमीटर भरली. मी ती मोजत असतानाच शेजारचे एक ज्येष्ठ गृहस्थ तेथे अडखळले, सावरले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, की रोज लक्षात ठेवतो आणि रोज विसरतो. आता कोणीतरी त्या झाकणावर एक फुटकी कुंडी आणून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भौतिकोपचारतज्ज्ञ,
कोथरूड, पुणे